मोकळ्या जागेत जंगल लावू की सेन्सर बसवू? जालन्याच्या ताईंना सविस्तर उत्तर

नमस्कार ताई. आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जालन्यात तुमची १४० घरांची, साधारण ७ एकरांची कॉलनी आहे. मार्च लागला की बोअर आटतात आणि टँकर सुरू होतात. सप्टेंबरात एखाद्या रात्री जोराचा पाऊस झाला की तिसऱ्या गल्लीत गुडघाभर पाणी साचून घरांत शिरतं. कॉलनीच्या नावावर २८ गुंठे मोकळी जागा आहे आणि वर्गणी, देणग्या मिळून १२ लाख रुपये जमलेत. एक गट म्हणतो मियावाकी पद्धतीचं, दाट रोपांचं जंगल लावू, दुसरा म्हणतो सेन्सर आणि ॲपवाली स्मार्ट यंत्रणा घेऊ. आणि अगदी शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की भिंतीपलीकडे पत्र्याची वीसेक घरं आहेत, तिथल्या बायका तुमच्याकडे धुणंभांडं करायला येतात, त्यांच्यासाठी काही करता आलं तर बघायचंय.

मी बावीस वर्षं मराठवाड्यातल्या शहरांत पाणी मुरवण्याची आणि झाडं लावण्याची कामं करतोय. लातूर, परभणी, बीड, संभाजीनगर, सगळीकडे. त्यावरून सांगतो. जंगल की सेन्सर, हा वाद तुमचा मूळ प्रश्नच नाही. कॉलनीत पडलेलं पाणी तासाभरात कॉलनीबाहेर जातं, हा मूळ प्रश्न आहे. जाताना ते तिसऱ्या गल्लीत शिरतं आणि गेल्यावर मार्चात टँकर मागवायला लावतं. पूर आणि टंचाई तुम्हाला दोन दुखणी वाटतात, पण ती एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत. सगळ्या मराठवाड्याचं हेच आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच लातूर-बीड-धाराशिव पट्ट्यात २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने शेतं खरवडून नेली. पाऊस सरासरी गाठतो, पण थोड्या दिवसांत आणि झोडपून पडतो. मधे वीस-वीस दिवसांचा खंड. आपली शहरं मात्र संथ, भीज पावसाच्या हिशोबाने बांधल्यासारखी आहेत.

तुमच्या कॉलनीचाच हिशोब करू. महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की आपण अतिवृष्टी म्हणतो. ७ एकर म्हणजे सुमारे २८ हजार चौरस मीटर. त्यावर ६५ मिलिमीटर म्हणजे १८ लाख लिटर पाणी. हे दोन तासांत पडलं तर तुमची फूटभर रुंदीची गटार ते कसं नेणार? आता दुसरी बाजू बघा. एका घराची गच्ची ८० चौरस मीटर धरा. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास धरा. गळती, उडून जाणारं, पहिल्या पावसाचं सोडून दिलेलं असं सगळं वजा केलं तरी एका गच्चीवरून ४५ हजार लिटर हाती लागतं. ५ हजार लिटरचे नऊ टँकर. १४० घरांचे झाले १,२६० टँकर. तुम्ही वर्षाला किती मागवता ते सेक्रेटरींच्या वहीत बघा आणि बैठकीत हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा. माझ्या अनुभवात जंगल-सेन्सरचा वाद निम्मा तिथेच निवतो.

आता हे पाणी मुरवायचं कुठे? इथे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि घरबसल्या कोणी ठाम उत्तर दिलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. माझ्यावरसुद्धा. आपल्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कुठे मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा खडक, कुठे काळा पाषाण. काळी माती पाणी धरते पण खाली सोडत नाही. मुरूम सोडतो. मांजऱ्यात पाणी फिरतं, अखंड काळ्या पाषाणात भेग असेल तरच शिरतं. एका प्लॉटवर चित्र एक असतं, शेजारच्या प्लॉटवर दुसरंच.

यात मी एकदा सपशेल चुकलो, ते सांगतो. लातूरच्या एका वसाहतीत मे महिन्यात चाचणीचा खड्डा घेतला. दोन बाय दोन फूट, तीन फूट खोल, सगळा काळ्या मातीत. टाकीतून पाणी सोडलं तर अर्ध्या तासात गडप. पुन्हा सोडलं, पुन्हा गडप. सगळे खूश, मीही. त्या भरवशावर आठ शोषखड्डे घेतले, विटांचे तुकडे आणि वाळू भरली. जुलैत बघायला गेलो तर आठही खड्डे काठोकाठ भरलेले, वर हिरवा तवंग आणि डासांच्या अळ्या वळवळताना. मे महिन्यात काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात, अगदी मनगट जाईल एवढ्या. पाणी त्या भेगांत गेलं होतं, जमिनीत मुरलं नव्हतं. पाऊस पडून माती फुगली, भेगा मिटल्या आणि खड्ड्याचं डबकं झालं. ते आठही खड्डे नंतर मुरूम लागेपर्यंत खोल करावे लागले.

म्हणून तुम्ही काय करायचं? मोकळ्या जागेत तीन ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खणा. कुठे तीन फुटांवर लागेल, कुठे दहा. खड्ड्यात पाणी भरा आणि पूर्ण जिरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा. हे पाणी मोजायचं नाही, ते फक्त माती भिजवण्यासाठी. तिसऱ्या दिवशी भरून आत पट्टी उभी करा आणि तासाभरात किती उतरलं ते लिहा. तासाला इंचभरही उतरलं नाही तर तिथे खड्डा घेऊ नका, तिथे झाड लावा. सहा इंच किंवा जास्त उतरलं तर ती जागा सोन्याची.

दुसरी गोष्ट उताराची. पाणी तिसऱ्याच गल्लीत का साचतं? माझा अंदाज आहे की तिथून पूर्वी ओहोळ जात असणार. प्लॉटिंग करताना तो बुजवला, पण पाण्याला वाट आठवते. भूमी अभिलेख कार्यालयात जुना गाव नकाशा मिळतो, तो काढा. आणि कॉलनीत किंवा मागच्या वस्तीत साठी ओलांडलेलं कोणी असेल तर त्यांना गल्लीत नेऊन विचारा, इथे पूर्वी काय होतं. बीडमध्ये एका आजोबांनी मला काठीने रस्त्यावर रेघ ओढून दाखवली होती, इथून पाणी जायचं, इथे आम्ही बैलं धुवायचो. नंतर लेव्हल घेतली तर त्यांची रेघ जवळपास तंतोतंत निघाली.

लेव्हल घेण्यासाठी ड्रोन सर्व्हेचं कोटेशन तुम्हाला कोणी दिलंय असं दिसतं. कॉलनीसाठी त्याची गरज नाही. गवंड्याकडे पारदर्शक लेव्हल पाइप असतो, तो आणि दोन माणसं पुरेत. एका सकाळी सगळ्या गल्ल्यांचा उतार कागदावर येतो, अर्ध्या इंचापर्यंत अचूक. उपग्रहावरून काढलेले उंचीचे जे नकाशे इंटरनेटवर फुकट मिळतात ते एका दरीचा, एका नदीखोऱ्याचा उतार समजायला उत्तम. पण त्यांत काही मीटरची चूक सहज असते, आणि तुमचा प्रश्न काही इंचांचा आहे.

उतार कळला की मोकळ्या जागेचं काम ठरतं. माझ्या पाहण्यात बहुतेक कॉलन्यांनी मोकळी जागा भराव टाकून रस्त्यापेक्षा उंच केलेली असते. वर लॉन, कडेला पेव्हर ब्लॉक. पाणी तिथून रस्त्यावर येतं. उलटं करा. २८ पैकी १० गुंठे जागा रस्त्यापेक्षा फूटभर खोल घ्या. बशीसारखी, काठ तिरपे, म्हणजे लेकरं पडणार नाहीत. तेवढ्या बशीत एका वेळी ३ लाख लिटर पाणी थांबतं. तिच्या तळाशी मुरूम लागलेल्या जागी दोन-तीन शोषखड्डे. आठ महिने ती जागा कोरडीच असते, पोरं क्रिकेट खेळतील. १८ लाखांतले ३ लाख म्हणजे पूर थांबला असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या जोराचं पाणी तिथे अडकलं की गटारीला उसंत मिळते, आणि तिसऱ्या गल्लीतलं पाणी खाली येतं. गच्च्यांचं पाणी प्रत्येक घराने आपापल्या टाकीत किंवा आटलेल्या बोअरमध्ये वळवलं तर अजून खाली येतं.

बोअर पुनर्भरणाबद्दल एक कळकळीची सूचना. बोअरमध्ये फक्त गच्चीचं पाणी सोडायचं, तेही पहिले दोन पाऊस वळवून दिल्यावर आणि वाळू-खडीच्या गाळणीतून. रस्त्याचं किंवा गटारीचं पाणी चुकूनही नको. त्यात तेल असतं, मैला असतो, आणि बोअरमधून ते थेट खडकातल्या पाण्यात जातं. तिथून कोणाच्या हंड्यात येईल सांगता येत नाही. आणि मुरवलेलं पाणी तुमच्याच बोअरला येईल असंही नाही. आपल्या खडकात भेग जिकडे नेईल तिकडे ते जातं. शेजारच्या वस्तीला मिळालं तर तेही आपलंच आहे, असं धरून चाललात तरच हे काम करा. ज्यांना हमखास आपल्या वापराला हवं त्यांनी ५ हजार लिटरची टाकी जमिनीवर ठेवावी. पावसातल्या खंडात ती फार उपयोगी पडते.

हे काही नवीन शास्त्र नाही, ताई. संभाजीनगरला मलिक अंबरच्या नहरी सतराव्या शतकातल्या, डोंगरातलं पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणलेलं. बीडची खजाना विहीर त्याच्याही आधीची. तुमच्या जालन्याला घाणेवाडीच्या तलावाचं पाणी वर्षानुवर्षं गुरुत्वानेच येत आलंय. ही सगळी कामं एका गोष्टीवर उभी आहेत: बांधणाऱ्यांनी आधी उतार वाचला.

आता मियावाकी. ही पद्धत वाईट नाही. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती उजाड जागांवर स्थानिक झाडांचं दाट वन लवकर उभं राहावं म्हणून विकसित केली. एका चौरस मीटरला तीन-चार रोपं, स्थानिक जाती, आणि पहिली दोन-तीन वर्षं भरपूर निगा. मराठवाड्यात ही शेवटची अटच अवघड आहे. पाच गुंठ्यांत दीड हजार रोपं बसतील. चौरस मीटरला दिवसाला ५ लिटर पाणी धरलं तरी रोज अडीच हजार लिटर लागेल. मार्च ते मृगापर्यंतच्या शंभर दिवसांत ५० टँकर, आणि तेही ज्या कॉलनीत प्यायला टँकर येतो तिथे. मी हे होताना बघितलंय. एका ठिकाणी नऊशे रोपं मोठ्या समारंभाने लागली. दुसऱ्या फेब्रुवारीत पाण्याचं कंत्राट संपलं, नवं झालं नाही. मे महिन्यात मी गेलो तेव्हा कुंपणाच्या आत वाळक्या काड्या उभ्या होत्या. करंज आणि कडुनिंब तेवढे तग धरून होते. त्या रोपांची पानं मी हातात घेतली तर पापडासारखी मोडली. त्या दिवसापासून माझा नियम आहे, तीन उन्हाळ्यांचं पाणी कुठून येणार हे लिहून दिल्याशिवाय मी कोणाला रोप लावू देत नाही.

शिवाय, सावली कुठे हवी याचा विचार करा. पाच गुंठ्यांचं दाट वन पक्ष्यांना, कीटकांना चांगलं, पण त्याचा गारवा त्याच्या कडेपासून फार लांब जात नाही. तुमच्या पहिल्या गल्लीतल्या घराला त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे सगळ्यात जास्त छळते ती दुपारी दोन ते पाचची उन्हं, आणि ती पश्चिमेकडून येतात. पश्चिमेची भिंत तापते आणि रात्री बारापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. त्या भिंतीवर सावली पाडणारं एक झाड हे मोकळ्या जागेतल्या पन्नास रोपांपेक्षा घरातल्या माणसाच्या जास्त कामाचं. म्हणून माझा सल्ला आहे की ८० ते १०० झाडं लावा, मोठी, पाच-सहा फुटी रोपं, गल्ल्यांच्या कडेने आणि पश्चिमेच्या बाजूंना. खोल बशीच्या काठावर अर्जुन, उंबर, करंज. त्यांना पावसाळ्यात चार दिवस पाण्यात उभं राहणं सोसतं. रस्त्याकडेला कडुनिंब, शिरीष, जागा असेल तिथे चिंच आणि वड. विजेच्या तारांखाली बहावा, आपटा, कांचन. सप्तपर्णी आणि कोनोकार्पस कोणी फुकट दिले तरी नकोत. कोनोकार्पसवर तर गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली आहे. गुलमोहर दिसायला देखणा, पण वादळात मोडतो, गल्लीत नको.

खड्डे तीन बाय तीन बाय तीन फूट. बुंध्याभोवती मीटरभर जागा उघडी ठेवा, पेव्हर ब्लॉक नाही, काँक्रीट नाही. शंभर झाडांना आठवड्यातून दोनदा वीस-वीस लिटर दिलं तर आठवड्याला ४ हजार लिटर लागतं. एवढं पाणी तुमच्याच न्हाणीघरांतून रोज वाहून जातंय. आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी वेगळ्या नळीने काढून कर्दळीच्या वाफ्यातून फिरवलं की झाडांना चालतं. भांड्यांच्या पाण्यात तेल आणि खरकटं असतं, त्याला आधी जाळीचा खड्डा हवा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून गावातली गटारं आणि डास घालवले, ते बघण्यासारखं आहे. खेड्याने केलंय तर आपल्या कॉलनीला जमायला हरकत नाही.

आता तंत्रज्ञान. त्याच्या बाजूने बोलणाऱ्या गटाला मी पूर्ण चूक म्हणणार नाही. मोजल्याशिवाय काम करणं म्हणजे अंधारात सुई ओवणं. पण काय मोजायचं आणि मोजून कोण काय करणार हे आधी ठरवा. नाल्याच्या पाण्याची पातळी सांगणारा एक सेन्सर मी एका पुलाखाली बसवलेला पाहिलाय. अल्ट्रासोनिक होता, चांगला. पण कुंभारमाशीनं त्याच्या तोंडात मातीचं घर केलं आणि तो आठ महिने एकच आकडा पाठवत राहिला. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तो आकडा वाचणं हे कोणाचंच काम नव्हतं. जवळच्या चहाच्या टपरीवाल्याला कोणी सांगितलं असतं की पुलाच्या खांबावर रंगवलेल्या लाल पट्टीला पाणी लागलं की गल्लीच्या ग्रुपवर फोटो टाक, तर त्याने नक्की टाकला असता.

उपग्रहांचे उष्णतेचे नकाशे कोणीतरी तुम्हाला दाखवलेत. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांचे आकडे फुकट मिळतात आणि शहराच्या पातळीवर ते फार मोलाचे आहेत. जालन्याचा कोणता भाग जास्त तापतो हे महापालिकेला त्यावरून नक्की कळेल, आणि त्यांनी ते बघावंच. पण त्या उपग्रहांचा उष्णता मोजणारा एक ठिपका मुळात १०० मीटरचा असतो, म्हणजे अडीच एकर. तुमची सगळी कॉलनी तीन ठिपक्यांत संपते. शिवाय उपग्रह सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास वरून जातो, आणि माणसं होरपळतात ती दुपारी आणि रात्री. गल्लीसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, दीड-दोन हजारांत हातात धरायचा येतो. मे महिन्यात दुपारी तीनला आणि रात्री अकराला गच्ची, भिंत, रस्ता, झाडाखालची जमीन असं मोजून वहीत लिहा. शाळेतली मुलं हे काम मोठ्यांपेक्षा मनापासून करतात.

त्याखेरीज एक साधं पर्जन्यमापक, रोज सकाळी साडेआठला वाचायचं. बोअरची पातळी दर पंधरा दिवसांनी, दोरीला वजन बांधून किंवा साउंडरने. टँकरची नोंद. तीन वर्षं या तीन वह्या नीट ठेवल्या तर तुमच्या खड्ड्यांनी काही फरक पडला का, हे तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही. पैसे उरले आणि माणूस मिळाला तर ठिबकला टायमर आणि मातीच्या ओलाव्याचा सेन्सर लावा, त्याने झाडांचं पाणी खरंच वाचतं. फोनवर हवामान खात्याचं मौसम ॲप आणि विजेसाठी दामिनी ॲप सगळ्यांनी घ्या. वीज पडून माणसं जाणं आपल्याकडे दरवर्षी होतं, आणि दामिनी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं त्यासाठीच केलंय. इशारा आला की वॉचमन आणि मागच्या वस्तीतल्या दोघींना फोन कोण करणार, त्याचं नाव ठरवून ठेवा. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. त्याचं सगळं बळ या शेवटच्या दुव्यात होतं. अंदाज हवामान खात्याचा, पण तो वस्तीपर्यंत पोचवणारी माणसं नेमलेली.

आता तुमची शेवटची ओळ. ताई, मला विचाराल तर पहिले पैसे तिथे घाला. पत्र्याच्या त्या वीस घरांत जे होतं ते तुमच्या स्लॅबखाली होत नाही. परभणीत अशा एका खोलीत मी मे महिन्यात रात्री अकराला गेलो होतो. आजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि फळीवरचा साखरेचा डबा खाली काढायला सांगितला. स्टीलचा तो डबा तेव्हाही हाताला गरम लागत होता. सूर्य मावळून चार तास झाले होते. सून दोन लेकरांना घेऊन बाहेर रस्त्याच्या कडेला झोपली होती, आणि आजी आत, कारण घर उघडं टाकून कोण जाणार?

आपल्या जुन्या लोकांना हे कळत होतं. धाब्याचं घर आठवा. लाकडावर फळ्या आणि त्यावर हातभर पांढरी माती. उन्हाची धग खाली पोचेपर्यंत रात्र व्हायची. आता माती परत आणता येत नाही, पण पत्रा पांढरा करता येतो. स्लॅबला चुना आणि डिंक चालतो, पत्र्यावर चुना टिकत नाही, पोपडे निघतात. पत्र्याला गंज घासून, प्रायमर मारून वर पांढरं ॲक्रिलिक कोटिंग लागतं. दोनशे चौरस फुटांच्या खोलीला साडेतीन-चार हजार रुपये धरा, म्हणजे वीस घरांचे ८० हजार. आतून पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या बांधल्या आणि दोन्ही टोकांना गरम हवा जायला फट ठेवली तर आणखी फरक पडतो. काही जण पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाट्या टाकतात. त्याने गार होतं खरं, पण ठिणगी पडली तर वस्ती जाते, ते करू देऊ नका. परभणीच्या त्या गल्लीत कोटिंग झाल्यावर मी थर्मामीटर धरला होता. दुपारी तीनला रंगवलेला पत्रा आणि शेजारचा गंजका पत्रा यांत पंधरा अंशांहून जास्त फरक होता. आजींनी आकडा विचारला नाही. लेकरं आत निजतात आता, एवढंच त्या म्हणाल्या.

जायच्या आधी त्या बायकांशी बोला, जागा कोणाची, भाडं कोणाला जातं हे बघा, मालकाकडून लिहून घ्या की रंगवलं म्हणून भाडं वाढवणार नाही. हे ऐकायला बारीक वाटेल, पण छप्पर सुधारलं आणि भाडेकरू बाहेर गेला असं मी पाहिलंय. आणि भिंतीपलीकडच्या त्या बाजूला सावलीची दहा झाडं लावलीत तर ती कोणाच्याही कंपाउंडमध्ये न मोजता लावा.

पैशांचं म्हणाल तर दर गावोगावी बदलतात, तरी माझी मांडणी अशी राहील. पाच लाख पाण्याला, म्हणजे बशी, शोषखड्डे, तिसऱ्या गल्लीतली गटार आणि सामायिक गाळण्या. चार लाख झाडांना, त्यातले जवळजवळ तीन लाख अर्धवेळ माळीबाबांच्या तीन वर्षांच्या पगाराचे. लाखभर पत्र्याच्या घरांना. मोजमापाला पन्नास हजारांच्या वर नको. उरलेले दीड लाख हात न लावता ठेवा. पहिल्या पावसाळ्यात काहीतरी फसतंच, ते दुसऱ्या वर्षी दुरुस्त करायला पैसे लागतात आणि नेमके तेव्हाच नसतात.

क्रमाचंही महत्त्व आहे. आता एप्रिल आहे. पत्रे लगेच रंगवा, ऊन आहे तोवर. चाचणीचे खड्डे आणि लेव्हल या महिन्यात. बशीचं खोदकाम मृगाच्या आत. झाडं मात्र आर्द्रात एक-दोन चांगले पाऊस होऊन जमीन ओली झाल्यावरच, पर्यावरण दिनाचा, पाच जूनचा फोटो चुकला तरी चालेल. आणि पहिल्या जोराच्या पावसात छत्री घेऊन तिसऱ्या गल्लीत स्वतः उभ्या राहा. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे थबकतं, हे अर्ध्या तासात जे दिसेल ते कुठल्याही नकाशात दिसत नाही. व्हिडिओ काढून ठेवा.

सध्या मला तीन गोष्टी कळवा: मुरूम किती फुटांवर लागला, तिसऱ्या दिवशी तासाला पाणी किती उतरलं, आणि आटलेले बोअर किती फुटांचे आहेत. मग शोषखड्डे किती आणि कुठे घ्यायचे, ते नक्की सांगता येईल.